बाबांनी ओटीपी दिला नाही

अन्याय दिसला की मी पत्रक काढून गावात वाटतो. माझ्या पत्रकांचा परिणाम झालेला माणूस जगात एकच आहे, आणि ते म्हणजे माझे बाबा.

त्या दिवशी आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. उजव्या डोळ्याने तिला आता चुलीतला जाळ तेवढा दिसत होता. बोरी अरबहून सकाळची एसटी पकडून आम्ही यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, "महिनाभराचं बीपी दाखवा. त्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही."

"आहे ना," मी छाती काढून म्हणालो. "गावच्या सिस्टर दर आठवड्याला मोजून मोबाइलमध्ये भरतात."

खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटर पाहिला. "इथं तं काहीच नाही. त्यांचं ॲप वेगळं, आमचं वेगळं."

"दोन्ही सरकारचेच ना?"

"हो. पण एकमेकाले माहिती देत नाहीत."

(आमच्याकडे सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बोलणे टाकतात, पण त्यांना निदान धुरा तरी असतो!)

मी भडकलो. रांगेकडे वळून भाषण सुरू केले : पेशंट एक, दंड एक, रक्त एक, मग...

"भाऊ, ओटीपी सांगा," बाई म्हणाल्या. "जोडता येते का पाहते."

आईच्या नावापुढे नंबर बाबांचा, म्हणून ओटीपी बाबांच्या मोबाइलवर, आणि बाबा गावात. मी फोन लावला.

"बाबा, मेसेजमधी नंबर आला असंल."

"आला."

"सांगा मंग."

"नाई सांगत."

"काहून?"

"तूच तं लिवलं, ओटीपी पोटच्या पोरालेही सांगू नका. भितीवर चिकटवून हाय."

खरे होते. गावातल्या एका म्हातारीला फोनवरून फसवले, तेव्हा मी संतापून पत्रक काढले होते. 'पोटच्या पोरालाही' हे शब्द मला फारच धारदार वाटले होते.

"बाबा, मीच तो पोरगा!"

"फसवणारा बी असंच म्हणते. हे बी तूच लिवलं, खालच्या ओळीत."

आईने फोन घेतला. "अवो, मी बोलून राह्यली. सांगून टाका."

"तू बोलून राह्यली हे बरोबर. पण तुह्या बाजूले कोण उभं हाय, मले काय मालूम?"

ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तोही बाबांनी प्राणपणाने जपला.

"आता दिवाळीनंतरची तारीख घ्या," बाई म्हणाल्या.

"हा अन्याय आहे!" मी गरजलो. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले, तेवढ्यात आईने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून डॉक्टरांपुढे धरला. "हे चालते का पाहा जी. सिस्टरच्या मोबाइलले रेंज नसते, म्हणून ते आधी कागदावर लिवते."

चारही आठवड्यांचे बीपी, तारखा, सिस्टरची सही. डॉक्टरांनी मान डोलावली. "घ्या आत."

त्यांनी कागद उलटला. मागे माझेच ओटीपीचे पत्रक होते. संताप विसरून मी थोडा ताठ झालो.

"या बाजूला काही महत्त्वाचं आहे का?" डॉक्टरांनी विचारले.

"नाई जी," आई आत जाताजाता म्हणाली. "एका बाजूनं कोरा होता, म्हणून ठेवला."