ओट्टून राहिलेलं

प्रयोगशाळेत माझं बरंचसं काम धुण्याचं असतं. गालाच्या आतून खरवडून घेतलेल्या पेशी यीस्टबरोबर थोडा वेळ ठेवायच्या, खारट पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायच्या आणि तरीही जे यीस्ट चिकटून राहिलं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. यीस्टच्या भिंतीवरून साखरेनं मढवलेली प्रथिनं बाहेर आलेली असतात. त्यांची टोकं आपल्या पेशीला धरतात. ज्या यीस्टमधून आम्ही तसलं एक प्रथिन काढून टाकलं आहे, ते बहुतेक धुऊन जातं. पेशी सहसा माझ्याच गालातल्या असतात. दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला सांगणं मला जमत नाही.

अप्पांच्या जिभेवर पांढरा थर आला तेव्हा मला पाहताक्षणी कळलं. वाटलं मात्र काहीच नाही. कीमोथेरपी चालू होती आणि एरवी तोंडात गुपचूप राहणारं यीस्ट वाढलं होतं. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं, तोंडात घालायला थेंब दिले. तोंड स्वच्छ झाल्याशिवाय पुढचा डोस देणार नाही, म्हणाले. डोस आधीच लांबला होता.

यीस्ट म्हणजे काय, असं आईनं विचारलं. इडलीचं पीठ फुगतं ना, त्यातलंच काहीतरी, मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या ताटात इडलीऐवजी तांदळाची पातळ कंजी आली.

"इडलीनं काय केलं?" अप्पांनी विचारलं.

"ती तोंडात फुगते. तुमच्या लेकीनंच सांगितलं."

"जन्मभर खाल्ली तेव्हा नाही फुगली?"

इडली वाफेत शिजते, त्यातलं सगळं मरतं, असं मी समजावलं. आईला ते पटलं नाही. "मग थेंबांनी हे का मरत नाही?"

"ओट्टून आहे म्हणून."

ओट्टणे हा आमच्या घरचा शब्द, तमिळमधून घेऊन मराठी करून टाकलेला. डिंक कागदाला ओट्टतो, माणूस माणसाला ओट्टतो. लग्नाकार्यात मी कोपऱ्यात बसले की आत्या म्हणायची, ही कुणाला ओट्टतच नाही.

अप्पा हसले. ओठांचे कोपरे फाटले होते, म्हणून थोडंच. "मग त्याला तुझा गुण लाव."

"तसलं यीस्ट आहे आमच्या प्रयोगशाळेत. बाटलीत."

"तुझ्यासारखंच. बाहेर येत नाही."

थेंब चालू राहिले, थर जाईना. मला कारण ठाऊक होतं. अप्पांच्या वरच्या दातांची कवळी आहे, आम्ही तिला पल्सेट म्हणतो. यीस्ट त्या गुलाबी प्लास्टिकलाही घट्ट धरतं, आणि थेंब तिच्याखाली पोचत नव्हते. दात तुमचेच का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. "माझेच. दुसऱ्याचे कशाला घालू?" अप्पा म्हणाले होते. झोपतानाही ते ती काढत नसत. बिनदातांचे अप्पा मी कधी पाहिले नव्हते.

संध्याकाळी आई देवळात गेल्यावर मी वाटी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"अप्पा, पल्सेट काढा."

"कशाला?"

"तिलाही ओट्टलंय."

"ते प्लास्टिक आहे, अगो."

"त्याला चालतं."

त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "तिकडं तोंड कर."

मी खिडकीकडे तोंड केलं. गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मागे वाटी वाजली.

कवळीची आतली बाजू पांढरी होती. नळाखाली धरली तर काही सुटलं नाही. ब्रशनं घासली तेव्हा सुटलं. डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणि त्यांनी सांगितलेल्या औषधी पाण्यात ती रोज बुडवून ठेवू लागले. वाटी स्वयंपाकघरात ठेवली तर आई म्हणाली, "तिथं नको. पिठाला ओट्टेल."

हळूहळू थर गेला. डॉक्टरांनी पुन्हा टॉर्च मारून पाहिलं आणि डोस लिहून दिला. मला आनंद व्हायला हवा होता. डोसच्या दिवशी दवाखान्यात मी सलाईनच्या नळीतून थेंब पडताना पाहत बसले.

आईनं डब्यात इडल्या दिल्या होत्या. हिरड्या दुखत होत्या, म्हणून अप्पांनी पल्सेट काढून डबीत ठेवली. गाल एकदम आत गेले. त्यांनी इडलीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघतच खाल्ला. तिकडं तोंड कर, असं काही ते म्हणाले नाहीत.