पाच तुकड्यांचं दार

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, भावासाठी गाऱ्हाणं घातलं आणि घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात कामावर गेलो. मी तिथे लॅब असिस्टंट आहे... बीकर धुणं, स्लाइड्स काढून ठेवणं, असली कामं.

गाऱ्हाणं नेहमीचंच. ‘वसंताला सुबुद्धी दे रे महाराजा.’ वसंता माझा धाकटा भाऊ, तेव्हा गावी मावशीकडे असायचा. लहानपणापासून बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा, हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. शाळेत गुरुजींनी चोपलं, घरी मी.

बाबांच्या बाराव्याला भटजी सांगत होते आणि हा हातात पळी धरून नुसता बघत राहिला. सगळ्या भावकीसमोर मी म्हणालो, “आज तरी माणसात ये.” त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. दर गणपतीला गावी गेलो की रिक्षा मावशीच्या घरावरून जायची, मी दुसरीकडे बघायचो... तरी त्याने लावलेली अबोली दिसायचीच.

तर त्या सोमवारी आमच्या बायोलॉजीच्या मॅडम वर्गासाठी क्लेचं मॉडेल करत होत्या. पाच गोळे, गोल करून उभे केलेले. मेंदूतल्या पेशीवरचं हे एक दार म्हणे. प्रोटीनचे पाच तुकडे मिळून ते होतं, त्या तुकड्यांना सबयुनिट म्हणतात. ‘शांत हो’ हा निरोप पेशीला त्याच दारातून मिळतो.

मी सहज विचारलं, एखादा तुकडा जन्मतःच बिघडलेला असला तर? त्यांनी एक गोळा बोटाने दाबला.

“दार नीट उघडत नाही, काका. निरोप अर्धाच पोचतो. मग काही मुलं बोलता बोलता दहा-वीस सेकंद हरवतात. त्यांना स्वतःलाही कळत नाही. लोकांना वाटतं, मुद्दाम करतंय.”

हातातला बीकर मी खाली ठेवला... आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वसंताचं कारण हेच असेल असं इथे बसून सांगता येणार नाही, कारणं पुष्कळ असतात. पण डॉक्टरांना दाखवा, अजून उशीर झालेला नाही.

इतकी वर्षं मी त्याच्यासाठी सुबुद्धी मागत होतो. एकदाही त्याला विचारलं नाही, अरे, तुला होतं तरी काय?

घरी येऊन फोन लावला. चुकलो म्हणालो. पलीकडे काहीच आवाज नाही. पूर्वी मी याला माज म्हटलं असतं. या वेळी कानाला फोन धरून थांबलो... बराच वेळ.

मग वसंता म्हणाला, “ह्यां सांगूक तुका अकरा वर्सां लागली, दादा?”

पुढच्या रविवारी गावी जाऊन त्याला घेऊन आलो. काल मुलुंडच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आहेत. त्यात काय निघायचं ते निघो... वसंता आता माझ्या घरी राहतो.