राजुऱ्याचं अस्वल

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा पातळ आणि किस्से घट्ट! त्यातही प्राणिशास्त्राच्या शेख सरांचे इतके साचलेत, की एक सांगायला घेतला की बाकीचे आपसूक मागे येतात.

सरांनी मोहफुलं खायला येणाऱ्या अस्वलांवर पेपर लिहिला. दुसऱ्या अभ्यासकाने आपल्या लेखात त्याचं नाव घेतलं, की झालं सायटेशन. पण ते काही येईना. सरांचे अब्बा राजुऱ्यात टेलर. पेपर छापून आल्यापासून रोज मशीन थांबवून विचारायचे, "किसी ने पढ़ा क्या?" सर मान खाली घालून जेवायला बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

*

प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं, "शीर्षकातून राजुरा काढा न जी! भारतातली अस्वलं म्हणा. राजुरा कोण शोधते?"

सर म्हणाले, "अस्वल राजुऱ्याचं हाय सर. त्याले भारतभर कसं फिरवू?"

*

लग्नात आहेराची परतफेड असते, तशी आमच्याकडे सायटेशनचीही चालते. तू माझं नाव घे, मी तुझं घेतो. फिजिक्सच्या वर्षा मॅडमना सरांची दया आली. त्यांनी आपल्या नॅनोकणांच्या पेपरात हळूच अस्वल घुसवलं! जर्नलवाल्यांचं उत्तर आलं, "काम चांगलं आहे. अस्वलाचा संबंध कळवावा."

मॅडम आजही म्हणतात, "मले काय माहीत, ते लोकं खरंच वाचून राह्यले म्हणून!"

*

शेवटी खरं सायटेशन आलं. सरांनी सगळ्यांना तर्रीपोहे खाऊ घातले. पोहे संपल्यावर मी तो लेख उघडला. पहाटे फुलं खाऊन गेलेलं अस्वल उजाडल्यावर पुन्हा एकदा येतं, हा शेख यांचा निष्कर्ष आम्हाला पटत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही रिकाम्या बशा गोळा करायला लागलो. सर मात्र खूश.

"अरे, न पटायले आधी वाचावं लागते!"

अब्बा ऐकून म्हणाले, "मतलब पहन के देखा, और कपड़ा वापस कर गया!" त्या दिवसापासून त्यांचा प्रश्न बदलला. "किसी ने माना क्या?"

*

ज्या गावात अभ्यास केला, तिथेही सरांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सगळा पेपर मराठीत समजावून सांगितला. गावातली वीज गेलेली, माइक बंद; घसा कोरडा पडेस्तोवर बोलले. मग म्हणाले, "काही प्रश्न?"

एक म्हातारा उठला. "लाइन कवा येते जी?"

*

यंदा मोहाच्या दिवसांत सर मला त्याच गावी घेऊन गेले. नुकतं उजाडलं होतं. मोटारसायकल लावून आम्ही झाडांकडे निघालो, तर टोपली घेऊन वाटेत बसलेली एक बाई ओरडली, "ओ भाऊ, थांबा! आत्ताच कुठी चालले? अस्वल एकडाव जाऊन अजून येते. ऊन वर आलं की सगळे मिळून जाऊ."

सरांच्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. आतूनच त्यांनी विचारलं, "कोण म्हणते असं?"

"राजुऱ्याचे शेख सर म्हणते. इथीच बसून पाह्यलं त्याहीनं."

सरांनी हेल्मेट काढलं नाही. खिशातून फोन काढून अब्बांना लावला, स्पीकर सुरू केला. "अब्बा..." एवढंच म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे शिलाई मशीन थांबली. "क्या हुआ बेटा? किसी ने माना क्या?"