फुलाशिवाय नाव नाही

माझं लग्न होऊन मी ग्वाल्हेरहून झाशीला आले, तेव्हा अंगणातल्या आंब्याला काथ्यानं काहीतरी बांधलेलं दिसलं. चामड्यासारखी पट्टीपट्टीची पानं आणि हवेत लोंबणारी पांढरट मुळं. मला वाटलं, कुणाची दृष्ट काढून टांगलंय.

ते आमच्या अनुसूया आत्याबाईंचं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, मग हट्टानं शिकल्या आणि एका कॉलेजात मुलींना वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं शिकवू लागल्या. बरुआसागरकडच्या रानात पडलेल्या एका मोहाच्या झाडावरून त्यांनी ते झाड सोडवून आणलं होतं. वैद्य त्याला रास्ना म्हणत, शास्त्राप्रमाणे ते वॅन्डा नावाचं ऑर्किड. पण कुठलं वॅन्डा, तेच ठरत नव्हतं.

"पानं नेहमीच्या रास्नेपेक्षा अरुंद आहेत," त्या मला सांगत. "शेंग लांब आहे. पण पानाशेंगेवरून कुणी ऐकत नाही गं. वाळवलेले नमुने बघून नाव ठरवणारे ते हर्बेरियमवाले म्हणतात, फुलाशिवाय नाव नाही."

मग त्या मला फूल समजावत. या जातीच्या फुलात एक पाकळी इतरांहून निराळी, पुढे आलेली असते. तिला ओठ म्हणायचं. त्याचा आकार, त्याच्यामागची पोकळ शेपटी आणि मुख्य म्हणजे त्याचा रंग. नेहमीच्या रास्नेचा ओठ जांभळा. आत्याबाईंना रानात एक वाळलेली पाकळी सापडली होती, ती पिवळी वाटत होती. फूल सुकलं की रंग उडतो, म्हणून तो ताज्या फुलावरूनच पाहायचा. त्या एका ओठासाठी ही बाई तीन वर्षं थांबली होती.

आणि थांबणं सोपं नव्हतं. बैसाखात इथं लू चालते, भांडी दुपारी हाताला चटके देतात. नळाला पाणी नाही, आणि आत्याबाई पितळी पिचकारीनं त्या मुळांवर पाणी उडवतायत! सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दूधवाला त्याला बांडगूळ समजे आणि वर बघून रोज तेच म्हणे, "बाई, जो बाँदा आय, पेड़ खों खा जैहै."

"अरे भैया, बाँदा झाड में जड़ घुसाता है," आत्याबाई ओरडायच्या. "ये सिर्फ बैठा है. हवा पीता है. किसी का कुछ नहीं खाता!" दूधवाला मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझा तिथला पहिला चैत्र. दांडी आली, कळ्या धरल्या. आत्याबाई सकाळ-संध्याकाळ स्टुलावर चढून भिंग लावून बघत. शेवटी म्हणाल्या, "अजून दोन दिवस." आणि नेमकं दुसऱ्या दिवशी घरात चैत्रगौरीचं हळदीकुंकू. त्या दिवशी आत्याबाई दरवर्षी काहीतरी काम काढून मऊरानीपुरला जात. कुणी जा म्हणत नसे. विधवेला तसं म्हणायची वेळच त्या येऊ देत नसत. त्या वर्षीही कळ्या मिटलेल्या बघून त्या सकाळच्या बसनं गेल्या.

ऊन कडक होतं. दुपारपर्यंत फुलं उमलली. सासूबाई डाळीसाठी आणि पन्ह्यासाठी कैऱ्या पाडून घ्यायला अंगणात गेल्या आणि त्यांना ती दिसली. मी आत डाळ वाटत होते, मला ताटात काय आलं तेही ठाऊक नाही. सासूबाईंना वाटलं, गौरीनंच पाठवली. एक गौरीला वाहिलं, बाकीची आलेल्या सवाष्णींना दिली. त्यांनी हे वाईट हेतूनं केलं असतं तर मला निदान मनसोक्त भांडता आलं असतं.

आत्याबाई लवकर परतल्या. चैन पडलं नसणार. इलाइट चौराह्यावरून रिक्षा करून आल्या आणि थेट आंब्याखाली. दांडी रिकामी. बैठकीत बायका अजून बसलेल्या होत्या. आत्याबाई उंबरठ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, बाहेरच्या बाजूला.

"वहिनी, फुलं?"

"गौरीला वाहिली वन्सं. घरचंच फूल, देवीला गेलं. याहून काय चांगलं?" सासूबाई खरंच आनंदात होत्या.

"मला एक बघायला द्या."

वाहिलेलं फूल सकाळपर्यंत काढायचं नसतं. आणि सवाष्णीला दिलेलं... राधाबाई सर्वांत वडील, त्यांचा हात अंबाड्याकडे गेलाही होता. सासूबाईंकडे बघून तो खाली आला. मी म्हणाले, "आई, मी काढून देते ना." "तू पन्हं बघ," सासूबाई म्हणाल्या.

"बरं, रंग तरी सांगा," आत्याबाईंचा आवाज चिरकला. "पुढे आलेली पाकळी. तिचा रंग."

"जांभळा," राधाबाई म्हणाल्या. "वांग्यासारखा."

"छे, पीला था," जानकी म्हणाली. "की हळद लागली होती?"

"मला तर गुलाबीसा दिसला," तिसरी म्हणाली. बायका हसल्या. गौरीवरच्या फुलावर तोवर हळदीकुंकवाची मूठ पडली होती.

प्रत्येकीच्या केसात, गजऱ्याखाली दबून ते फूल होतं आणि एकीनंही ते पाहिलं नव्हतं. जिला पाहायचं होतं, ती दारात उभी. मला सासूबाईंचा राग आला, त्याहून जास्त आत्याबाईंचा. ही बाई हर्बेरियमच्या साहेबांशी पानाच्या टोकावरून भांडते आणि तिला दोन पावलं आत टाकवत नाहीत! या की! घ्या की ओढून! त्या वळल्या आणि खोलीत गेल्या.

सकाळी निर्माल्यात त्यांना एक काळपट गोळा मिळाला, कुंकवानं माखलेला. ओठ तुटून गेला होता. हर्बेरियमकडून तेच उत्तर आलं: वॅन्डा, पुढचं सांगता येत नाही. जेठात लूनं झाड वाळलं. त्या पुन्हा बरुआसागरला जाऊन आल्या. तिथले मोह कुणीतरी तोडून नेले होते. त्यानंतर पिचकारी न्हाणीघराच्या फळीवर पडून राहिली.

पुढच्या चैत्रात मी सासूबाईंशी चार दिवस वाद घातला. शेवटी त्या स्वतःच म्हणाल्या, "जा, बोलाव वन्सांना." मी धावतच गेले. आत्याबाई मऊरानीपुरला जायची पिशवी भरत होत्या.

"आत्याबाई, आत चला. आईंनीच बोलावलंय. गौरीसमोर बसा."

त्यांनी पिशवीचे बंद आवळले.

"आता आत काय आहे गं, बघायला?"