निजलेल्या माणसाचा तांदूळ

तापल्या पेजेचा वास आला की खाडीकाठचं ते मिठागर आठवतं. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी तिथे तांदूळ हजेरीवरच मिळे. तापाने पडलेल्या एका कामगाराचा रोजचा शेर मुकादमाने बंद केला. "निजून हाय तो, त्याला कशाला भात?" मी तिथे युनियनचं काम करायचो; खिशातलं आहाराचं पत्रक उघडून सुनावलं, "निजला तरी श्वास, काळीज, अंगाची ऊब चालूच असते. तेवढ्यालाच कष्टकऱ्याच्या निम्मं अन्न लागतं." मुकादम हसला. "मग निम्मं देतो, पुढारी." तापात शरीर जास्त अन्न जाळतं, ही पुढची ओळ मी वाचणार तोच कामगाराची बायको अर्धा शेर पदरात घेत पुटपुटली, "भाऊ, आता गप ऱ्हावा, ह्यो अर्धाबी जाईल." मी पत्रक मिटलं. बंद झालेल्यातलं निम्मं परत मिळालं खरं, पण त्या माणसाचं उरलेलं निम्मं जेवण माझ्याच तोंडाने कापलं गेलं, हे अजून खुपतं.