तिकोनी बांधी आणि निळा ठिपका

१२ सप्टेंबर. काम एकच: शेतात उभं राहून धानाचा फोटो काढायचा आणि मोबाइलवर पीक पाहणी भरायची. मुदत संपायला दोन दिवस होते. नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि पीक दिसलं नाही तर सरकारी केंद्र धान घेत नाही.

हे काम मला चांगलं येतं असा गावात लौकिक आहे. तो मीच पसरवला. गल्लीतल्या सात बायकांना मी शिकवलं, थोडं रागावूनच. "आपलं शेत कुठून कुठवर हाय, एवढं तरी माहीत पाहिजे," हेही ऐकवलं.

दरवर्षी मी रस्त्याकडच्या बांधीतून, धानाच्या त्या खाचरातून, फोटो काढते. यंदा तिथे गुडघाभर चिखल होता, म्हणून मधला मातीचा धुरा ओलांडून पलीकडच्या छोट्या तिकोनी बांधीत उभी राहिले. मोबाइल म्हणाला, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. मी चार पावलं सरकले. बाहेर. स्क्रीन पदराला पुसली, फोन बंद करून चालू केला. तरी बाहेर. वीस वर्षं मी या बांधीत रोवणी करते, आणि हा मला बाहेरची ठरवतो!

शेजारचे काकाजी धुऱ्यावर बसून पाहत होते. ते माझ्या शेतातून नालीनं पाणी नेत. त्यांचं धान निसवायला आलं होतं, पाणी हवंच होतं; तरी माझ्या शेतातून कशाला, म्हणून मागच्या आठवड्यात ती नाली मी माती टाकून बुजवली. तेव्हा ते काहीतरी सांगायला घरी आले होते. मी हात जोडून परत पाठवलं.

स्कूटी काढून मी तलाठी कार्यालयात गेले. वाटेत तीन वाक्यं तयार केली. तिसऱ्यात कलेक्टर होते.

तलाठी मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "बसा ताई. पाणी घ्या." पहिलं वाक्य तिथेच वाया गेलं.

"तुमचं अ‍ॅप बिघडलंय," मी दुसरं काढलं.

"असू शकतं. आधी जागेवर बघते. चार वाजता येऊ का?"

सरकारी माणूस मला "येऊ का" विचारेल याची मी तयारीच केली नव्हती. तिसरं वाक्य तसंच परत आणलं.

चार म्हणजे चारला त्या आल्या. चपला हातात घेऊन चिखलात उतरल्या. त्यांच्या मोबाइलवर गटाचा नकाशा होता आणि आम्ही जिथे जाऊ तिथे सरकणारा निळा ठिपका. रस्त्याकडच्या बांधीत ठिपका माझ्या गटात. धुरा ओलांडून तिकोनीत आलो की बाहेर. मी त्यांना चार वेळा ये-जा करायला लावली. चारही वेळा त्या हसतमुखानं आल्या.

"ताई, तुमची जमीन धुऱ्यापर्यंत आहे. ही तिकोनी काकाजींच्या गटात दिसते."

मी काकाजींकडे वळले. "काकाजी, हे बांधी तुमची हाय?"

"हाय ना."

"मंग वीस वर्सं मी काऊन करून राहिली?"

"तुह्या सासऱ्याचं आन माहं बोलणं झालं होतं. तिकोनी तुमी करा, मी तुमच्या शेतातून पाणी नेतो."

"मंग मी नाली बुजवली तवा सांगितलं काऊन नाही?"

"आलो होतो ना सांगाले. तू बोलू देशील तवा, सूनबाई!"

मॅडम एकदम पायांवरचा चिखल निरखू लागल्या. मी त्यांची आभारी आहे.

मग मी रस्त्याकडच्या चिखलात उभी राहिले. फोटो, बटण, नोंद झाली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सबंध दिवस खाल्ला तो मी. काकाजींकडे साधा फोन आहे, म्हणून मॅडमनी त्यांचीही नोंद तिथेच भरून दिली. जाताना म्हणाल्या, "काही अडलं तर फोन करा, ताई." माझ्यासारखीला हे सांगणं धाडसाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी फावडं घेऊन नाली उघडायला गेले. माती मीच पायानं दाबून बसवली होती, त्यामुळे तास गेला. काकाजी धुऱ्यावर बसून पाहत होते.

"आनखी थोडी खोल कर," ते म्हणाले.

मी आणखी वीतभर खोल केली.