पांढऱ्या गाडीची कॉइल

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि मिलिंदला मी सगळं सांगते — कारखान्यातली भांडणं, बहिणीची गुपितं, सासूबाईंचा आवडता कप कुणी फोडला तेसुद्धा. हे मात्र नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाहीये, पण सुरुवात तर केली.

आधी गाडीबद्दल सांगू द्या. टाळाटाळ करतेय का मी? थोडी करतेय. पण गाडी कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी निळी गाडी मूळची युरोपातली, चार दारांची, साधी घरगुती. तिची कंपनी भारतातून केव्हाच गाशा गुंडाळून गेली. मी सातपूरच्या एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. लग्नाआधी, माझ्या पगारातून, मी ही गाडी जुनीच घेतली. काय गाडी आहे हो! दार लावलं की एकच आवाज — धप्प. वळणावर रस्त्याला अशी धरून जाते की मी एकटीच हसत सुटते. मिलिंद म्हणतो, "एक तर ही गाडी विक, नाहीतर मला." दोघांनाही गिऱ्हाईक नाही, म्हणून दोघंही घरात आहेत.

रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं, ऑइल बघायचं, कुठल्या रबरी पाइपला चीर गेलीय का ते बोटांनी चाचपायचं — मला यात जो आनंद होतो तो कुठल्याही साडीत झालेला नाही. आणि या आनंदात माझा एकच सोबती होता. आमच्या मागच्या गल्लीतले खैरनार भाऊ. सटाण्याकडचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे हीच गाडी, हेच मॉडेल, फक्त पांढरी. अख्ख्या नाशकात मी तिसरी कधी पाहिली नाही. एकाला एअर फिल्टर सापडला की तो दोन आणायचा. त्यांच्या बायकोच्या, कुसुमवहिनींच्या, पाठीचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना बसचे धक्के सोसायचे नाहीत, रिक्षा तर नकोच. त्या गाडीच्या पुढच्या सीटवर मात्र त्या तासन्‌तास बसायच्या. त्यामुळे दर शनिवारी ही जोडी कुठेतरी निघायचीच. कधी सटाण्याला माहेरी, कधी नुसतंच इगतपुरीला धुकं बघायला. वहिनी म्हणायच्या, म्हातारपणी माझं लग्न झालंय.

मग माझ्या निळीला दुखणं लागलं. गार असताना ठणठणीत. वीसेक मिनिटं चालली, तापली, की आचके द्यायची आणि बंद. अर्ध्या तासाने पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही! कॉइल गेली होती. प्लगना ठिणगी पुरवणारा, तळहातात मावेल एवढा काळा ठोकळा. तो कुठेच मिळेना. दुकानं झाली, भंगारबाजार झाले, इंटरनेट झालं. भाऊही माझ्याबरोबर फिरले. महिनोन्‌महिने निळी दारात उभी, आणि मी रोज बसने कामाला. मला तर ताप आल्यासारखं व्हायचं.

त्यात खैरनार दांपत्य लेकीकडे बंगळूरला गेलं. जाताना भाऊंनी किल्ली माझ्या हातात दिली. "ताई, आठवड्यातून एकदा चालू करून ठेवा. बॅटरी उतरायला नको."

तुम्हाला कळलंच असेल. मी फक्त तपासायला काढली होती, असं मी स्वतःला सांगितलं. तीन बोल्ट, वायरीचा एक जोड, दहा मिनिटांचं काम. त्यांची कॉइल माझ्या निळीत बसवली आणि निघाले. दिंडोरी गेलं, वणी गेलं, घाट सुरू झाला, आणि गाडी थांबायचं नाव घेईना! मी खिडक्या खाली केल्या, मोठ्याने गायला लागले. सुरगाण्याला पोचून चहा प्यायले. एवढा निखळ आनंद मला क्वचितच झालाय. आजही ती सकाळ आठवली की अंगावर काटा येतो. लाजेचा नाही तो काटा. हेच तर सांगायचंय.

परत आले ती ठरवूनच, की उद्या त्यांची त्यांच्या गाडीत बसवायची. उद्या नाही बसवली. परवाही नाही. पांढरी चालू तर व्हायला हवी, म्हणून माझी आजारी कॉइल मी तिच्यात बसवून टाकली. तेच तीन बोल्ट. चोरी म्हणायचं का याला? दुसरा कुठला शब्द आहे?

भाऊ आले. मी सांगितलं, पुण्याच्या एका भंगारवाल्याकडे कॉइल मिळाली. ते पेढे घेऊन आले हो! मिलिंदला पेढा, मला पेढा, आणि निळीच्या बॉनेटवर हात ठेवून आपल्या अहिराणीत म्हणाले, "आते मस्त शे ना!" — आता मस्त आहे ना! मी पेढा खाल्ला.

पहिल्याच शनिवारी पांढरी इगतपुरीजवळ हायवेवर बंद पडली. धो धो पाऊस, मागून ट्रकचे हॉर्न, गाडीत वहिनी. त्यांना पटकन उतरताही येत नाही. एका ढाबेवाल्याच्या पोरांनी गाडी कडेला ढकलली. भाऊ ही हकीकत हसत हसत सांगत होते. वहिनी हसत नव्हत्या. ते म्हणाले, "ताई, तुमच्या गाडीला झालं होतं तस्संच. कॉइल असेल का हो?"

तेव्हा सांगता आलं असतं. तिथेच, आमच्या फाटकात. मी आत जाऊन कॉइल तपासायचा मीटर आणला आणि त्यांच्याबरोबर मागच्या गल्लीत गेले. त्यांची गाडी सकाळपासून उभी, पार गार. गार कॉइलवर मी मीटर लावला, आकडा त्यांना दाखवला आणि म्हणाले, "कॉइल चांगली आहे." कारखान्यात आम्ही प्रत्येक माल तापवून तपासतो. गार माल पास करणाऱ्या पोरांना मी फैलावर घेते. तेच माझं काम, त्याचाच मला पगार मिळतो. भाऊंना काय ठाऊक? त्यांनी आकडा पाहिला आणि मान डोलावली.

मग म्हणाले, "तुमची लावून बघायची का? दहा मिनिटं फक्त."

मी म्हणाले, बोल्ट गंजलेत, काढताना प्लास्टिक तुटेल. चटकन म्हणाले. इतकं चटकन, की मलाच माझं आश्चर्य वाटलं. आणि ते लगेच ओशाळले! "नाही नाही, तुमची कशाला बिघडवायची," म्हणाले.

पुढे मग आम्ही दोघं मिळून तिचा आजार शोधत बसलो. प्लग बदलले, वायरी बदलल्या, पेट्रोलचा पंप बदलला. मी दर रविवारी जायचे, बॉनेटखाली डोकं घालायचे, हं हं करायचे. आणखी सांगू? मला मजाही यायची. त्यांच्या अंगणातला चहा, हात काळे होणं, "आता हे करून बघू" म्हणणं — खरं कारण माहीत असतानाही मी त्यात रंगून जायचे. एका मेकॅनिकने सांगितलं, कॉइल बदलून बघा काका. भाऊंनी त्याला वेड्यात काढलं. "ताईंनी चेक केलीय," म्हणाले, "ताई टेस्टिंगमधल्या आहेत."

वहिनी पुन्हा त्या गाडीत बसल्या नाहीत. कुठे बंद पडेल याची धास्ती घेतली त्यांनी. नव्या गाड्या बघून झाल्या, भाच्याच्या गाडीतून सटाण्याला जाऊन बघितलं, पण परतल्या त्या पाठ धरूनच. आता त्या सटाण्याला फोनवरच बोलतात. शनिवारी दुपारी ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या दिसतात. मी हात करते, त्याही करतात.

गेल्या दिवाळीनंतर भाऊंनी पांढरी भंगारात काढली. नेणारा येण्याआधी दोन दिवस खपून त्यांनी तिच्यातलं उपयोगाचं सगळं सुटं केलं — आरसे, वायपरची मोटर, मागचे दिवे, काचा वर-खाली करायची बटणं. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्वतः उचलून माझ्याकडे आणली. मी पैसे विचारले तर रागावले. सगळ्यात शेवटी खिशातून एक पुडकं काढलं.

"ही कॉइल. तुम्ही चांगली आहे म्हणालात ना, मग मुद्दाम काढून घेतली. तुम्हाला केवढा त्रास झाला होता हिच्यावाचून. राहू द्या जवळ. तुमची तरी चालत राहिली पाहिजे."

मी ती घेतली. थँक यू म्हणाले. ते गेल्यावर पुडकं उघडलं. कडेला माझ्याच पान्याचा ओरखडा होता, ओळखीचा. मी ती कपाटात ठेवून दिली आणि संध्याकाळी निळी काढून गंगापूर धरणापर्यंत एक चक्कर मारून आले. गाडी सुरेख चालली. मला आनंद झाला.

भाऊ मागच्याच गल्लीत राहतात. दोन मिनिटांवर. दोन्ही कॉइल माझ्याकडे आहेत.